खांदा माझा, आळ पायरीवर

...आणि वर मलाच विचारते ती मुलगी, "आजी, घरात सतरंज्या किती आहेत?" आजी! मला नातवंडं नाहीत, मुलं नाहीत, एक नवरा आहे आणि एक मांजर आहे, त्यातलं कुणी मला आजी म्हणत नाही, आणि ही पंचविशीची पोरगी हातात फाईल घेऊन माझ्या बैठकीच्या खोलीत उकिडवी बसून माझ्या सतरंज्या मोजतेय. का? तर मी पडले. अहो, पडले म्हणजे... आता काय सांगू... म्हणजे तुम्हाला सांगतेच, कारण बाकी ज्यांना ज्यांना खरं सांगितलं त्यांच्यातल्या एकानेही विश्वास ठेवलेला नाही.

मी हेस्टर पार्जेटर. वय अडुसष्ट. आमच्या ऑल्डरविक गावच्या चर्चच्या मनोऱ्यात सहा घंटा आहेत आणि एकतीस वर्षं मी तिथल्या घंटा वाजवणाऱ्यांची कप्तान आहे. पाचव्या नंबरची घंटा माझी. अकरा वर्षांची होते तेव्हापासून ती मी वाजवते, दुसऱ्या कुणी वाजवली तर मला घरात बसून आवाजावरून कळतं. तुमच्यापैकी ज्यांनी कधी दोर धरला नसेल त्यांच्यासाठी सांगते, या घंटा नुसत्या लोंबकळत नाहीत हो, त्या फिरतात, पूर्ण फेरी. आधी घंटा तोंड वर करून उभी करायची. ती पलीकडे कलंडू नये म्हणून वर एक लाकडी टेकू असतो. आपण खालच्या खोलीत, हातात दोर, दोन्ही हात डोक्याच्या वर. बेताने ओढलं तर टेकू सांभाळून घेतो. जोरात ओढलं तर टेकू मोडतो, घंटा कलंडते, चाक फिरत सुटतं आणि दोर सरसर वर जातो, छतातल्या भोकातून. अशा वेळी काय करायचं? दोर सोडायचा. बस, एवढंच. दोर सोडायचा! मी शंभर-दीडशे माणसांना घंटा शिकवली असेल, आणि प्रत्येकाला पहिल्या दिवशी, कोट काढून ठेवायच्याही आधी, हे वाक्य तीनदा म्हणायला लावलंय.

तर फेब्रुवारीतला मंगळवार. सरावाचा दिवस. मिस्टर टिमिन्स लवकर आले होते. ऑब्री टिमिन्स, दातांचे डॉक्टर होते, आता निवृत्त, वय एकाहत्तर, आणि या वयात घंटा शिकायची हौस. माणूस इतका व्यवस्थित की दोर धरण्याआधी नखं बघतात. बाकीचे यायच्या आत मी त्यांना माझ्या घंटेवर करून दाखवत होते. ओढ अशी, सोड अशी, मनगट असं... आणि शिकवता शिकवता मी मान वळवून त्यांना विचारलं, "मिस्टर टिमिन्स, समजा दोर आपल्याला वर न्यायला लागला, तर काय करायचं?" आता हा दातांचा डॉक्टर, कशाचंही उत्तर घाईने देणार नाही. त्यांनी विचार केला. वर कडाड असा आवाज झाला. त्यांनी अजून थोडा विचार केला आणि म्हणाले, "दोर सोडायचा." मी म्हटलं, "अगदी बरोबर." आणि हे मी जमिनीपासून पाच फुटांवरून म्हटलं.

का नाही सोडला? हे मला विचारू नका. सात महिने मी स्वतःला तेच विचारतेय. सत्तावन्न वर्षं ज्या हातांनी तो दोर धरला त्या हातांना बहुतेक वाटलंच नाही की हा नियम आपल्यालाही आहे. शेवटी सोडला हो, पण कधी? पार छताजवळ गेल्यावर. आणि मग मी आले ती थेट दगडी फरशीवर, डाव्या खांद्यावर. मिस्टर टिमिन्स वाकले, माझ्याकडे नीट बघितलं, आणि अतिशय सभ्यपणे म्हणाले, "हेस्टरबाई, तुम्ही सोडला नाहीत."

आता तुम्ही म्हणाल, झालं ते झालं, जायचं हॉस्पिटलात आणि सांगायचं खरं काय ते. कसं सांगणार? शेजारच्या गावचा कप्तान गॉडफ्री, तो एकोणीसशे चौऱ्याण्णव साली असाच वर गेला होता. आणि दरवर्षी सगळ्या मनोऱ्यांचं मिळून जे वार्षिक जेवण असतं, त्यात तो किस्सा कोण सांगतं? मी सांगते! अभिनयासकट! खुर्चीवर चढून, गॉडफ्रीचे पाय कसे हलत होते ते दाखवून! तीस वर्षं लोक पुडिंग यायच्या आधी मागणी करतात, "हेस्टर, गॉडफ्रीचं होऊन जाऊ दे." त्या जेवणात गॉडफ्री माझे पाय करून दाखवणार? मी तिथेच फरशीवर पडल्या पडल्या मिस्टर टिमिन्सना शपथ घातली. म्हटलं, कुणी काहीही विचारू दे, मी माझ्या स्वयंपाकघरातल्या पायरीवरून घसरले. तुम्ही पुस्तक परत द्यायला आला होतात, तुम्ही बघितलंत. त्यांनी छातीवर हात ठेवून शब्द दिला. मग मला गाडीत घालून ताशी पंचवीस मैलांच्या वेगाने शहरातल्या हॉस्पिटलात नेलं, मागे अकरा गाड्यांची रांग.

तिथे एक तरुण डॉक्टर. एक्स-रे काढला, पडद्यावर लावला आणि समजावायला लागला. मला बाई आजवर वाटायचं खांदा म्हणजे एक हाड. कसलं काय! पुढे गळ्याजवळचं आडवं हाड, मागे फरा, म्हणजे पाठीवरचं पसरट हाड, आणि तिसरं दंडाचं हाड, त्याच्या टोकाला गोळा. तो गोळा फऱ्याच्या वाटीत बसतो. वाटी कसली, बशी आहे ती, इतकी उथळ! म्हणून तर हात सगळीकडे फिरतो आणि म्हणून तर तो इतका सहज कामातून जातो. माझं मोडलं होतं दंडाचं हाड, गोळ्याच्या जरा खाली, मानेपाशी. म्हणजे हाडालाही मान असते. तुकडे जागच्या जागी होते, फार सरकले नव्हते, म्हणून ऑपरेशन नको, धातूची पट्टी नको, स्क्रू नको. मी म्हटलं, "मग प्लास्टर?" तो म्हणाला, "खांद्याला प्लास्टर कुठून कुठवर घालणार?" मग उपाय काय? झोळी! मनगट गळ्यात अडकवायचं, कोपर मोकळं लोंबू द्यायचं, त्याला खालून उशीबिशी लावायची नाही, म्हणजे हाताच्या वजनानेच हाड सरळ राहतं. आणि झोपायचं बसून. एवढीच काय ती आधुनिक वैद्यकी... दंडाला सांगितलं, तू लोंबत राहा.

बरं, प्लास्टर नाही म्हणजे गावात कुणी विचारत नाही. गेल्या वर्षी पोस्टातल्या बाईचं मनगट मोडलं, तर निम्म्या गावाने प्लास्टरवर सह्या केल्या, केक आणले. मला झोळीत बघून लोक म्हणतात, "मुरगळला वाटतं?" पण पाचव्या दिवशी जखमेचं रक्त खाली उतरलं आणि खांद्यापासून कोपरापर्यंत आणि इकडे छातीवर जो काय काळा, जांभळा, मग हिरवा, मग पिवळा रंग चढला... तो मी कसायाच्या दुकानात बाही वर करून दाखवला, तेव्हा कुठे दोन केक आले.

पण मी काय सांगत होते... हां, तो डॉक्टर. त्याच्याकडे फॉर्म होता. "किती उंचीवरून पडलात?" म्हटलं, "चार इंच." त्याने एक्स-रेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत एक्स-रेकडे बघितलं. "चार इंच?" "पायरी आहे ना, स्वयंपाकघरातून मागच्या खोलीत उतरायची." "बरं. काही छंद, व्यायाम, खेळ?" म्हटलं, "वाचन." वाचन! दोर सोडायचा होता तो तिथे, त्या क्षणी. नाही सोडला.

आणि घरी लायनेल. माझा नवरा. बेचाळीस वर्षांच्या संसारात त्याने फरशीला हात लावलेला नाही. पण त्या मंगळवारी सकाळी मी काहीतरी टोचून बोलले होते, तर या माणसाने मी बाहेर गेल्यावर अख्खं स्वयंपाकघर मेणाने घासून चकचकीत केलं. पायरीसकट! मी हॉस्पिटलातून आले, मिस्टर टिमिन्सनी दारात गंभीरपणे सांगितलं, "पायरीवरून घसरल्या," आणि लायनेलचा चेहरा असा पांढरा पडला की मलाच त्याला बस म्हणावं लागलं. तो म्हणाला, "हेस्टर, हे माझ्यामुळे झालं." माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं हो. पण जिभेच्या टोकावर गॉडफ्रीही होता.

मग सुरू झाली सेवा. सकाळी मला ब्लाऊज घालून द्यायचा, आधी दुखरा हात, मग बरा हात, काढताना उलटं. माझे केस धुवायचे, सिंकपाशी, कोमट पाणी मगाने, साबण डोळ्यांत जाऊ नये म्हणून कपाळावर आडवा हात धरून. माझ्या ताटातलं मांस बारीक कापून द्यायचं. त्याने पायरीला पिवळी पट्टी लावली. मेणाचा डबा बाहेर नेऊन कचऱ्यात टाकला. एक दिवस मी बघितलं, तो एकटाच त्या पायरीपाशी उभा होता, बूट घासून बघत होता, किती घसरतं ते. मला फार वाईट वाटलं, खरंच सांगते. आणि तरी मी गप्प बसले.

तिसऱ्या आठवड्यात मला फिजिओकडे पाठवलं. नेरिस नाव तिचं, वेल्सकडची, हसरी, पण कामात कडक. पहिला व्यायाम काय? एका हाताने टेबल धरून पुढे वाकायचं, आणि दुखरा हात नुसता खाली सोडून डुलवायचा. पुढे-मागे, डावीउजवीकडे, गोल. हाताने काही करायचं नाही, शरीर हललं की हात हलतो. दिवसातून चार वेळा. सत्तावन्न वर्षं मी घंटा हलवली, आता मी स्वतःच घंटेचा लोलक होऊन स्वयंपाकघरात डुलतेय, आणि मांजर बसून बघतेय. सहाव्या आठवड्यात परत एक्स-रे. हाड धरत होतं. पण खांदा आखडलेला, हात खांद्याच्या रेषेपर्यंतही जाईना. मग भिंतीवर बोटं चालवायची, मुंगीसारखी, वर वर, आणि जिथे पोचतील तिथे पेन्सिलीची खूण. लायनेल तारीख लिहायचा.

नेरिसने विचारलं, "तुम्हाला या हाताने काय करता यायला हवंय? ध्येय लिहायचंय." आता बघा पंचाईत. मला हवंय काय? दोन्ही हात डोक्यावर ताणून दहा मणांच्या घंटेचा दोर धरायचाय. सांगितलं काय? मी तर फॉर्मवर वाचन करणारी बाई. पुस्तक वाचायला हात कशाला वर जायला हवा? तिनेच लिहिलं, "फळीवरचा कप काढणे." कप! आणि तेवढ्याच उंचीचे व्यायाम दिले. आठव्या आठवड्यात मी कप काढला. नेरिसने टाळ्या वाजवल्या. कपाच्या वर अजून दोन फूट उरले होते. मीच कुरकुर केली, वरच्या फळीवर मोठी भांडी आहेत म्हणून सांगितलं, तेव्हा तिने मला दारावर अडकवायची एक कप्पी दिली, त्यात दोर. बऱ्या हाताने एक टोक खाली ओढायचं म्हणजे दुखरा हात दुसऱ्या टोकाबरोबर वर जातो. दोर मला बरा वाटला हो हातात. आणि नेरिस माझ्या डोळ्यांत बघून काय म्हणाली असेल? "हेस्टरबाई, एक लक्षात ठेवा. कितीही दुखलं तरी दोर सोडायचा नाही."

इकडे फॉर्म आपल्या वाटेने चालले होते. चार इंचांवरून पडून एवढं हाड मोडतं म्हणजे हाडं ठिसूळ असणार, म्हणून हाडांची तपासणी. मशीनखाली झोपवलं. निकाल आला की हाडं उत्तम, माझ्या वयाला शोभणार नाहीत इतकी. मी खूश. ते नाहीत! कारण हाडं उत्तम आहेत तर चार इंचांत मोडली कशी? मग तोल जातो का ते बघा. एका पायावर उभं केलं, डोळे बांधून चालवलं. तोल उत्तम. मग रक्तदाब, कान, चष्मा. मग ती सतरंजीवाली, घरात कशाला अडखळून पडायला होतं ते बघायला हॉस्पिटलाने पाठवलेली. तिने माझ्या चार सतरंज्या गुंडाळून माळ्यावर टाकायला लावल्या, संडासात धरायला दांडा बसवला आणि सीट उंच करून दिली, जी लायनेलला इतकी आवडली की तो आता तिथे वर्तमानपत्र पूर्ण वाचूनच बाहेर येतो. आणि माझ्या फाईलवर सगळीकडे लिहिलेलं, "कारण: अस्पष्ट."

मग मे महिन्यातला तो शुक्रवार. नेरिसने लायनेलला बाहेर बसायला सांगितलं. दार लावलं. माझ्या शेजारी खुर्ची ओढून हळू आवाजात म्हणाली, "हेस्टरबाई, हे आम्हाला विचारावं लागतं. घरी तुम्हाला सुरक्षित वाटतं ना?"

मला आधी कळेचना. सुरक्षित म्हणजे? दांडा आहे, पट्टी आहे, सतरंज्या माळ्यावर आहेत. मग कळलं. तिला लायनेलबद्दल विचारायचं होतं. लायनेल! जो गांधीलमाशी ग्लासात धरून बागेत सोडतो. जो बाहेर माझा कोट मांडीवर घेऊन बसला होता, आधी दुखरी बाही घालायची म्हणून ती सरळ करून. म्हटलं बास. हसू दे गॉडफ्रीला. चढू दे खुर्चीवर.

मी सगळं सांगितलं. फेब्रुवारी, मंगळवार, टेकू, कडाड, पाच फूट. म्हटलं, "नेरिस, मी चर्चच्या मनोऱ्यात दोराला लटकून छतापर्यंत गेले आणि खाली पडले." ती शांतपणे ऐकत होती. म्हणाली, "दोराने तुम्हाला वर नेलं." "हो." "चर्चमध्ये." "हो." "तुम्ही दोर सोडला का नाही?" म्हटलं, "तेच तर!" तिने माझ्या हातावर हात ठेवला, आणि दुसऱ्या हाताने टाईप केलं. मला पडदा दिसत होता. तिने लिहिलं, "स्मरणशक्तीची तपासणी करावी."

मी म्हटलं, साक्षीदार आहे माझ्याकडे! मिस्टर टिमिन्सना फोन लावा! सुशिक्षित माणूस, दातांचा डॉक्टर, खोटं बोलणार नाही. लावला तिने, माझ्यासमोर, दोघींना ऐकू येईल असा. "मिस्टर टिमिन्स, मिसेस पार्जेटर कशा पडल्या ते तुम्ही बघितलं होतं?" माणूस विचार करत होता. मी इकडून ओरडले, "ऑब्री, खरं सांगा!" आणि त्या देवमाणसाने ठाम आवाजात सांगितलं, "स्वयंपाकघरातल्या पायरीवरून. मी पुस्तक परत द्यायला गेलो होतो." मग नेरिसला थोडं हळूच म्हणाले, "त्यांना सांगा, मी शब्द पाळलाय." नेरिस म्हणाली, "कसला शब्द?" ते म्हणाले, "ते मला सांगता येणार नाही." अहो, मोडका टेकू तरी? तो त्यांनी त्याच आठवड्यात स्वतःच्या शेगडीत जाळला, आणि नवीन इतका सुबक करून बसवला की कुणालाही वाटावं, इथे कधी काही मोडलंच नाही.

गाडीत मी लायनेलला सांगितलं. शेवटपर्यंत सगळं. त्याने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, थांबवली. मला वाटलं आता रागावेल, रागवायलाच हवं होतं, तीन महिने मी त्याला त्या पायरीचा अपराधी करून ठेवलं होतं. तर त्याचे डोळे भरून आले. म्हणाला, "हेस्टर, तू किती चांगली आहेस गं. माझ्यावरचा आळ जावा म्हणून एवढी गोष्ट रचलीस." आता याला काय म्हणायचं? मी म्हटलं, लायनेल, खरंच. तो म्हणाला, "पण मेण मीच लावलं होतं."

जूनमध्ये स्मरणशक्तीची तपासणी झाली. घड्याळ काढा, काढलं. शंभरातून सात-सात वजा करा, केले. पाच शब्द लक्षात ठेवा, ठेवले, आजही सांगते. तीसपैकी तीस. म्हणजे डोकं उत्तम, हाडं उत्तम, तोल उत्तम, नवरा उत्तम. तरी कारणाच्या रकान्यात काहीतरी लिहायलाच हवं. शेवटी त्या तपासणीवाल्या बाईने पेन पुढे केलं आणि अगदी मायेने विचारलं, "तर मग पायरीच लिहू ना?" मी तिच्याकडे बघितलं. दोर सोडायचा, हेस्टर. म्हटलं, "लिहा." सही केली.

नेरिसने मात्र एक केलं. जाता जाता म्हणाली, "तुम्ही कशा पडलात मला माहीत नाही, पण तुम्हाला दोन्ही हात डोक्यावर न्यायचेत हे दिसतंय." आणि कप खोडून तिने तसं लिहिलं. जून, जुलै, ऑगस्ट मी कप्पी ओढली, रबरी पट्ट्या ताणल्या, भिंतीवर खुणा पार दाराच्या चौकटीच्या वर गेल्या. वरच्या खुणांसाठी लायनेल स्टुलावर चढायचा.

या रविवारी, सुगीच्या प्रार्थनेला, मी पाचवी घंटा वाजवली. डावा हात थोडा कमी जातो, बोटभर, पण जातो. पहिली ओढ घेतली आणि वरून तो आवाज आला तेव्हा मी रडले, यात लाजायचं काय, रडले. लायनेल खाली जिन्याशी उभा होता. जिन्याच्या पहिल्या पायरीला त्याने पिवळी पट्टी लावली होती.

आणि काल मंगळवार, सराव. एक नवीन बाई आल्या शिकायला, शाळेतल्या ग्रंथपाल. मिस्टर टिमिन्स आता जुने झालेत, त्यांनीच त्यांना पहिला नियम सांगितला, तीनदा म्हणायला लावला. त्या बाईंनी घाबरत विचारलं, "असं इथे कधी कुणाचं झालंय का?" मी तोंड उघडलं, अगदी उघडलं होतं. तेवढ्यात मिस्टर टिमिन्सनी छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "ऑल्डरविकमध्ये? कधीच नाही." मग त्या बाई माझ्याकडे वळल्या, माझ्या खांद्याकडे बघितलं, म्हणाल्या, "तुमचं ऐकलं मी, काळजी घ्या हं." काय करणार? मी म्हटलं, "घेते. तुम्हीही लक्षात ठेवा. इथे काही झालं तर दोर सोडायचा... आणि घरी गेल्यावर स्वयंपाकघरातली पायरी सांभाळायची."